मिस्टरांना न सांगता गोळी देऊ का?

मागच्या अंकात झोपेच्या गोळ्यांवर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो, की दारूच्या व्यसनावर चांगली औषधं आहेत पण ती फार थोड्या लोकांपर्यंत पोचतात. झोप राहिली बाजूलाच, सगळी पत्रं आणि मेल आले ते त्या एका वाक्यावर. त्यातली काही इथे घेतोय, गावं-वयं जरा इकडची तिकडं केलीत म्हणजे कुणाला ओळखू यायला नको. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेला देशभरचा सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात दारूशिवाय ज्यांचं चालत नाही अशा ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळालेला दिसला होता. बाकीचे ३७ काय करतात ते या पत्रांत आहे. शपथा, माळ, देवऋषी, भिंतीवरच्या जाहिराती, आणि जावेनं सांगितलेले उपाय.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. मिस्टर ४४ वर्षांचे, रोज संध्याकाळी क्वार्टर ठरलेली आणि पगाराच्या दिवशी तर विचारूच नका. माझ्या जावेनं सांगितलं की मेडिकलमध्ये एक पांढरी गोळी मिळते, कुटून डाळीत घातली की कळतही नाही, आणि मग माणूस प्याला की असा काही त्रास होतो की परत नाव काढत नाही. तिच्या भावाला दिली होती म्हणे. मी एक पाकीट आणून तांदळाच्या डब्यात ठेवलंय पण हात धजत नाही. त्यांना बीपीची गोळी पण चालू आहे. देऊ का? (एक ताई, सातारा जिल्हा)

ताई, हात धजत नाही ते बरंच आहे. देऊ नका. अर्धी नको, पाव नको, एकदा देऊन बघते असंही नको.

तुम्ही आणलीय ती बहुतेक डायसल्फिराम. औषध वाईट नाहीये, उलट दारूवरचं सगळ्यात जुनं आणि नीट वापरलं तर खूप कामाचं औषध आहे, मी स्वतः अनेकांना देतो. पण ते कसं चालतं ते आधी समजून घ्या. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य करतं आणि मग लगेच त्याचा पुढे निकाल लावतं. डायसल्फिराम त्या दुसऱ्या पायरीला कुलूप घालतं, म्हणजे विष तयार होतं पण पुढे सरकत नाही, रक्तात साठत जातं. दहा-पंधरा मिनिटांत चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागतं, छातीत धडधड, उलट्या, दम लागतो, बीपी धाडकन खाली येतं. धडधाकट माणूस थोडी प्यायला असेल तर दोनेक तास हाल होऊन निभावतो. पण ज्याला आधीच बीपी आहे, हृदयाचं काय आहे ते कधी तपासलेलंच नाही, आणि ज्याला पोटात गोळी आहे हेच माहीत नाही तो क्वार्टरवर थांबणार नाही, त्रास होतोय म्हणून अजून एक मारेल. अशा रिॲक्शनमध्ये माणसं दगावलेली आहेत. आणि दवाखान्यात नेलं तरी तिथल्या डॉक्टरला कोण सांगणार डाळीत काय होतं ते?

याचा शोध लागला त्याची गोष्ट मजेशीर आहे. हे केमिकल रबराच्या कारखान्यात वापरायचे आणि तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही असं एका अमेरिकन डॉक्टरनं १९३७ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण कुणी फार लक्ष दिलं नाही. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतावरचं औषध म्हणून हेच द्रव्य तपासत होते आणि आधी स्वतःवर घेऊन बघत होते, आणि नेहमीसारखी थोडी दारू घेतली तर दोघांचेही हाल झाले. त्यातून १९४८ मध्ये हे औषध जगासमोर आलं. आता बघा, त्या दोघांनी स्वतःच गोळी घेतली होती तरी काय होतंय ते उमगायला वेळ लागला, तुमच्या मिस्टरांना तर कळायला काही मार्गच नाही. त्यांना वाटेल आपल्याला हार्ट ॲटॅक आला, नाहीतर कुणी करणी केली.

जावेच्या भावाचं काय झालं ते त्या सांगतात, पण पुढचं कोण सांगत नाही. माझ्याकडे येतात त्यातले कितीतरी जण अशा डाळीतून आलेले असतात. एक दिवस डबा सापडतो, किंवा पोरगा भांडणात बोलून जातो, आणि मग तो माणूस घरचं जेवणच सोडतो, बाहेर वडापाव खातो आणि बाहेरच पितो. बायकोवरचा विश्वास जातो तो जातोच, वर दवाखान्याचं नाव काढलं तरी अंगावर येतो. गोळीनं जे काम झालं असतं त्याची वाटच बंद होते.

हीच गोळी उघडपणे दिली तर मात्र गोष्ट वेगळी. दारू किमान २४ तास बंद असावी, लिव्हरची तपासणी आणि ईसीजी झालेला असावा, मानसिक आजार, फिट, डायबेटिस यांची विचारपूस झालेली असावी, आणि मिस्टरांना स्वतःला माहीत असावं की ही घेतल्यावर प्यालो तर काय होईल. मग रोज सकाळी चहाबरोबर साधारण २५० मिलिग्रॅम, तुमच्या समोर, पाण्यात विरघळवून (जिभेखाली दाबून नंतर थुंकणारे बरेच असतात, म्हणून पाण्यात). अशी घरच्यांच्या समोर आणि स्वतःच्या मर्जीनं घेतलेली डायसल्फिराम सगळ्यात चांगली लागू पडते. त्या माणसाला दिवसातून एकदाच ठरवायचं असतं, सकाळी, डोकं ठिकाणावर असताना. गोळी घेतली की संध्याकाळी दुकानासमोरून जाताना मनाशी झगडत बसायचं कारण उरत नाही. आणि बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो, त्यामुळे आज गोळी चुकवून उद्या पिऊ हा हिशोब चालत नाही.

घेणाऱ्यानं काय जपायचं तेही सांगतो कारण हे मेडिकलवाला सांगत नाही. खोकल्याची काही औषधं, माउथवॉश, दाढीनंतरचं लोशन आणि आपल्याकडची आसवं-अरिष्टं, म्हणजे दशमूलारिष्ट वगैरे, यांत अल्कोहोल असतंच, ते टाळायचं. जुलाब लागले म्हणून मेट्रोनिडॅझोल आणून खायची नाही, डायसल्फिरामबरोबर तिनं माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली की गोळी बंद आणि सरळ दवाखाना. खिशात एक चिठ्ठी ठेवायची, मी ही गोळी घेतो म्हणून.

भिंतीवर नि एसटी स्टँडच्या मुतारीत रंगवलेलं असतं ना, ‘रोग्याच्या नकळत दारू सोडवा’, त्या पुडीत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. मला त्या जाहिरातींचा फार राग आहे, पण तुमचा नाही. दुसरा रस्ता कुणी दाखवलाच नाही तर बाई काय करणार.

तांदळाच्या डब्यातलं पाकीट काढा आणि ते घेऊन एकट्याच मानसोपचार ओपीडीत जा. पेशंट सोबत नसला तरी घरच्यांशी आम्ही बोलतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जवळ सोय नसेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : साहेब मी रिक्षा चालवतो नाशिकला. दर श्रावणात बंद करतो, गटारीला शेवटची आणि मग महिनाभर नाही. गेल्या श्रावणात दुसऱ्या दिवशीच फिट आली, जीभ चावली, स्टँडवरच पडलो. घरचे म्हणतात बाहेरचं आहे. यंदा कायमची सोडायची आहे. सकाळी हात थरथरतात म्हणून एक नाईन्टी मारूनच गाडी काढावी लागते हे खरं सांगतो. गोळी लिहून पाठवा.

दादा, सगळं खरं लिहिलंत ते फार बरं केलंत. बाहेरचं काही नाही, ती फिट दारू एकदम बंद केल्याची होती. रोजच्या दारूनं मेंदू सतत दाबून ठेवलेला असतो आणि तोही मग तिला पुरून उरायला स्वतःचा वेग वाढवून बसतो. दारू एकदम काढली की वेग तेवढाच राहतो, ब्रेक मात्र गेला. सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट. आणि काहींना दोन-तीन दिवसांनी, म्हणजे घरच्यांना वाटतं सुटलं आता तेव्हा, भ्रम सुरू होतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय वाटतं, ताप, नाडी पळते, माणूस आपलं घर ओळखत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर यात जीव जातो. वॉर्डात तुमच्याच धंद्यातला एक जण मी बघितलाय, रात्रभर पलंगावर बसून नसलेल्या रिक्षाचं हँडल वळवत होता, मधेच थांबून नर्सला म्हणाला ताई सुट्टे द्या.

म्हणून एकदा फिट येऊन गेलेल्या माणसानं परत घरी एकट्यानं एकदम बंद करायची नाही. यंदा गटारीच्या आधीच सिव्हिलला जा आणि ॲडमिट व्हायची तयारी ठेवा, पाच-सात दिवसांचं काम असतं. तिथं क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपॅम देतात, आधी भरपूर आणि मग रोज कमी करत करत बंद. ही गोळी दारूची जागा तेवढ्या दिवसांपुरती धरते, पुढे घेत राहिलात तर हिचीच सवय लागेल, म्हणून मी पत्रातून लिहून पाठवणार नाही आणि मेडिकलमधून कुणाच्या नावावर आणायचीही नाही. तोवर एकदम तोडू नका, जी घेताय ती हळूहळू कमी करत ओपीडी गाठा. आणि सकाळची नाईन्टी मारून रिक्षा चालवू नका, मागे पोरं बसलेली असतात.

दुसरी गोष्ट बी-वन, म्हणजे थायमिन. रोज पिणाऱ्याच्या अंगात हे व्हिटॅमिन जवळजवळ संपलेलं असतं. आपल्याकडे असा माणूस गळून गेला की गल्लीतला डॉक्टर ग्लुकोजची बाटली लावतो, घरच्यांनाही बरं वाटतं काहीतरी चढवलं म्हणून. पण थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, पुढे आठवणच राहत नाही, सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही आणि माणूस काहीतरी रचून सांगतो. थायमिनचं इंजेक्शन काही महाग नसतं. बाटली लावत असतील तर बी-वन दिलं का, एवढं विचारायला घरच्यांना सांगून ठेवा.

याच्याशीच जोडून, सगळ्याच वाचकांसाठी. घरातलं कुणी मोडलेल्या हाडाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला ॲडमिट होत असेल आणि रोज पीत असेल तर सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला ते सांगा. लाज वाटते म्हणून ‘कधीतरी घेतात’ असं सांगितलं जातं आणि तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपटून पळायला बघतो, मग सगळे म्हणतात भूल चढली डोक्यात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा दारू एकदम तुटली की काय होतं ते अख्ख्या देशानं बघितलं, केरळ सरकारनं तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता आणि हायकोर्टानं त्याला स्थगिती दिली. दारू हे दारूवरचं औषध नव्हे, हे कोर्टाचं बरोबरच होतं, पण सरकारची धावपळ कुठून आली तेही समजण्यासारखं होतं.

फिटचं नीट पार पडलं की पुढची औषधं सुरू करायची, ती कोणती ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी एए मध्ये (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) आहे, बरीच वर्षं झाली एक थेंब नाही. माझ्या पुतण्याला डॉक्टरनं नालट्रेक्सोन सुरू केलंय, आणि कहर म्हणजे पूर्ण बंद व्हायच्या आधीच. एक व्यसन सोडवायला दुसरी गोळी, ही कुबडीच नाही का? इच्छाशक्ती नको का माणसाला? (एक काका, मुंबई)

काका, तुमच्या सोडण्याला सलाम. पण मला सांगा, तुम्हाला मीटिंगला जायला लागतं, स्पॉन्सर म्हणजे आधार देणारा जुना सदस्य लागतो, तेव्हा तुम्हाला कुणी कुबडी म्हणालं तर चालेल? एए च्या स्वतःच्या साहित्यातच लिहिलंय की कुणा सदस्यानं डॉक्टर व्हायला जाऊ नये. पुतण्या मीटिंगला येत असेल तर गोळीसकट येऊ द्या.

नालट्रेक्सोनची नशा येत नाही, सवय लागत नाही, काळ्या बाजारात त्याला कुणी विचारत नाही. दारू घेतली की मेंदूत एंडॉर्फिन नावाची सुखाची रसायनं सुटतात आणि पहिल्या पेगला जी तार लागते ती त्यांची. ती मेंदूत जिथं जाऊन चिकटतात त्या जागा नालट्रेक्सोन अडवून बसतं, एवढंच त्याचं काम. पेशंट आपापल्या भाषेत सांगतात, दारूत दम राहिला नाही, पाणी घातल्यासारखी लागते, दोन झाल्या आणि उठलो. म्हणूनच हे पीत असताना सुरू केलं तरी चालतं, डायसल्फिरामसारखी रिॲक्शन होत नाही. पुतण्याच्या डॉक्टरनं काही वावगं केलेलं नाही. रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी. पहिले काही दिवस मळमळ होते, खाऊन घेतली तर कमी होते. लिव्हरची तपासणी लागते. आणि एक गोष्ट पुतण्याच्या डोक्यात पक्की बसवा, ट्रामाडॉल किंवा कोडीनचं कफ सिरप असलं काही चालू असेल तर नालट्रेक्सोन घ्यायचं नाही, आणि ॲक्सिडेंट, ऑपरेशन काही झालं तर तिथं सांगायचं, कारण मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं यावर लागू पडत नाहीत.

दुसरं आहे अकॅम्प्रोसेट. हे दारू बंद केल्यावर सुरू करायचं. दारू सुटून महिना झाला तरी संध्याकाळी सात वाजले की जीव कासावीस होतो, उगीच चिडचिड, झोप नाही, हे तुम्हालाही आठवत असेल, तर ती अस्वस्थता हे खाली आणतं. अडचण अशी की ३३३ च्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, म्हणजे दिवसाला सहा, आणि लोकांना कंटाळा येतो, दुपारची हमखास चुकते. पोट जरा ढिलं होतं. हे किडनीवाटे जातं म्हणून किडनी खूप खराब असेल तर देत नाहीत, पण लिव्हरवर याचा भार पडत नाही ही मोठी सोय.

किती लागू पडतात? २०२३ मध्ये शंभरावर ट्रायल्स एकत्र करून काढलेला हिशोब असा आहे की अकॅम्प्रोसेट ११ जणांना दिलं तर त्यातल्या एकाचं परत पिणं केवळ औषधामुळे टळतं, आणि नालट्रेक्सोन ११ जणांना दिलं तर एकाचं बेफाम पिणं टळतं. कमी वाटतंय ना? हार्ट ॲटॅक आलेला नसताना कोलेस्टेरॉलची गोळी कितीजण घेतात, त्याचा हिशोब याहून बराच कमजोर आहे आणि ती घ्यायला कुणी इच्छाशक्ती विचारत नाही. हां, ही औषधं जादू नाहीत, आणि त्या ट्रायल्समध्येही बहुतेक ठिकाणी गोळीबरोबर समुपदेशन होतंच. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं तेव्हा पेशंटशी, त्याच्या बायकोशी बोलणं हाच गाभा होता, आणि तो आजही कुठल्याच गोळीनं भरून निघत नाही. भांडण लावायचंच असेल तर गोळी आणि मीटिंगमध्ये नको, दोन्ही एका बाजूला आणि क्वार्टर दुसऱ्या.

प्रश्न : भावाला लिव्हर सिरोसिस, पोटात पाणी झालं, दोनदा काढलं. डॉक्टर म्हणाले याला आता दारूची गोळी देता येत नाही. मग काहीच नाही का? तो अजून चोरून पितो.

डायसल्फिराम द्यायची नाही हे बरोबरच, नालट्रेक्सोनही अशा लिव्हरला टाळतात. पण काहीच नाही असं नाही. बॅक्लोफेन म्हणून एक औषध आहे, मूळ स्नायूंचा ताठरपणा कमी करायचं, त्यावर इटलीत नेमकी सिरोसिसच्याच पेशंटवर ट्रायल झाली आणि २००७ मध्ये छापून आली, त्यात पिणं सुटलेले जास्त निघाले. यानं गुंगी येते, कधीकधी लिव्हरच्या पेशंटचा गोंधळ वाढतो, म्हणून लहान डोसनं, लिव्हरच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरनी एकमेकांशी बोलून सुरू करायचं. किडनी ठीक असेल तर अकॅम्प्रोसेटही आहे. दोन्ही डॉक्टर एकमेकांना फोन करत नाहीत ही आपल्याकडची रड आहे, तर तुम्ही एकाची फाइल दुसऱ्यासमोर ठेवा आणि लिहून घ्या. आणि चोरून पितो म्हणून त्याला ओरडण्याआधी एक बघा, पाणी काढून घरी आणलं त्या दोन्ही वेळी कुणी त्याच्याशी दारूबद्दल नीट बसून बोललं होतं का.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, म्हणतो मी दारू पीत नाही फक्त बीअर घेतो. रोज दोन. स्ट्राँग. हे व्यसन धरायचं का?

आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के, तिचा ३० मिलीचा एक पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बाटली म्हणजे साधारण ४१ ग्रॅम. रोज दोन म्हणजे आठ पेग. त्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, लेक्चर नको. व्यसन आहे का हे मात्र आकड्यावर ठरत नाही, एक दिवस नाही मिळाली तर काय होतं, ठरवून एकावर थांबता येतं का, यावर ठरतं. ते त्यालाच विचारा.

प्रश्न : हे माझ्याबद्दल आहे. ३९, पुण्यात आयटीमध्ये, वर्क फ्रॉम होम. मुलगी झोपली की व्होडका, आधी दोन होते आता अर्धी बाटली कधी संपते कळत नाही. नवऱ्याला वाटतं मी वाइन घेते कधीतरी. व्यसनमुक्ती केंद्रात मी मेले तरी जाणार नाही, तिथं सगळे पुरुष. फक्त औषध घेऊन होईल का?

होऊ शकतं, आणि केंद्रात जायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांना फिट किंवा भ्रमाचा इतिहास नाही, सकाळी हात थरथरत नाहीत, अशांचा उपचार ओपीडीतच होतो, आणि मानसोपचाराच्या ओपीडीत बाहेर बसलेल्याला कळत नाही तुम्ही झोपेसाठी आलात की कशासाठी. मात्र सकाळी थरथर, घाम, उलटीची भावना असेल तर आधी वरचं रिक्षावाल्या दादांचं उत्तर वाचा, तो नियम तुम्हालाही लागू आहे, व्होडका महाग असली म्हणून मेंदूला फरक पडत नाही.

तुमच्यासाठी बहुधा नालट्रेक्सोनपासून सुरुवात होईल. जाताना तीन गोष्टी सांगा, रोजचं खरं प्रमाण (अर्धी बाटली तर अर्धी बाटली), गरोदर असण्याची शक्यता आहे का, आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता, मायग्रेनच्या, झोपेच्या, सगळ्या. बायकांमध्ये तेवढ्याच दारूनं लिव्हर लवकर बिघडतं, त्यामुळे तपासणी पुढे ढकलू नका. आणि डिप्रेशन आहे का हे डॉक्टरला बघू द्या, कारण ते आधीचं असेल तर त्याच्यावर उपचार न करता नुसतं नालट्रेक्सोन दिलं तर अर्धवट काम होईल. ओझेम्पिक या डायबेटिसच्या इंजेक्शननं दारू सुटते असं हल्ली फिरतंय, तेही विचाराल म्हणून सांगतो, त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधावर २०२५ मध्ये एक छोटी ट्रायल आली, पिण्याची ओढ कमी झालेली दिसली, पण मोजकीच माणसं होती त्यात. त्यासाठी थांबू नका.

नवऱ्याला सांगायचं का, कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. डॉक्टर परस्पर सांगणार नाही, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क देतो.

प्रश्न : गोळी किती दिवस घ्यायची आणि खर्च किती येतो? विमा मिळतो का?

निदान सहा महिने, बहुतेकांना वर्ष. तीन आठवड्यांत बरं वाटतं आणि गोळी बंद होते, आणि पुढच्या लग्नात ‘एकच’ होते, हे ठरलेलं आहे. एकदा घसरलात म्हणून गोळी फेकू नका, डॉक्टरला फोन करा. डायसल्फिराम स्वस्त, नालट्रेक्सोन त्याहून महाग, अकॅम्प्रोसेट दिवसाला सहा म्हणून महिन्याचं बिल वाढतं. जेनेरिक मागा आणि सरकारी रुग्णालयात आधी विचारा. शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजारालाही द्या असं २०१७ च्या कायद्यात आहे, आणि दारूच्या वापराशी जोडलेले मानसिक त्रास त्याच व्याख्येत येतात, पण पॉलिसीत व्यसनाबद्दल वेगळी ओळ टाकलेली असते, ती सही करायच्या आधी वाचा.

प्रश्न : एका केंद्राची माणसं म्हणतात, तुम्ही फक्त पत्ता द्या, आम्ही रात्री गाडी घेऊन येतो आणि उचलून नेतो, सहा महिने भेटायचं नाही, गॅरंटी देतो. वडिलांसाठी विचारतोय, ६१ वर्षांचे आहेत, डायबेटिस आहे.

नको. ६१ वर्षांच्या डायबेटिसच्या माणसाची रोजची दारू अशा ठिकाणी एका रात्रीत बंद होते, तिथं रात्री डॉक्टर नसतो आणि मग फिट आली की कोंडून ठेवतात. मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कायद्यात त्याची वेगळी पद्धत आहे, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे पेशंटला तपासावं लागतं, आणि मुदत ठरलेली असते. गाडीतून आलेल्या पोरांना तो अधिकार नाही. गॅरंटी देणारा तर या धंद्यात कुणी खरा नसतोच.

वडिलांना आधी साध्या फिजिशियनकडे शुगर आणि लिव्हरच्या तपासणीला न्या, त्याला ते बहुतेक तयार होतील, आणि दारूचा विषय तिथं डॉक्टरला काढू दे. पुढे केंद्र लागलंच तर जाऊन बघून या आणि विचारा, नोंदणीचा कागद कुठाय, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, थायमिन देता का, इन्शुलिन कोण देतं, रात्री फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता, आणि मला कधी भेटता येईल. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ केली तर चहा न घेता उठा.